बायबलमधले चमत्कार विज्ञानात बसवता येतात का? एका पॅथॉलॉजिस्टचं उत्तर

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत, ते आधी सुटे करतो. पॅरिशच्या युवा गटात तुम्हाला एक व्हिडिओ दाखवला: इजिप्तमधून पळणाऱ्या इस्राएली लोकांसाठी तांबडा समुद्र दुभंगला तो वाऱ्याने, संगणकावर ते सिद्ध झालंय, म्हणजे बायबल विज्ञानाला धरूनच आहे. हॉस्टेलमधला मित्र म्हणतो, चमत्कार म्हणजे निसर्गनियम मोडणं, नियम मोडत नसतात, विषय संपला. आणि शेवटच्या ओळीत तुम्ही ओझरतं लिहिलंय की मावशी एका प्रार्थनासभेला जाऊन आली, त्यानंतर साखर नॉर्मल निघाली आणि तिने डायबिटीसच्या गोळ्या सोडल्या.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. स्लाइडवरच्या पेशी बघून निदान देणं हे माझं काम. वसईचा कॅथलिक आहे, रविवारची मिस्सा चुकवत नाही. त्यामुळे लॅबमध्ये भाविक आणि चर्चच्या आवारात नास्तिक, अशी दोन्हीकडची बोलणी खाऊन झालीत.

मावशीचं आधी, कारण बाकीचे प्रश्न शेकडो वर्षं थांबलेत, आणखी दोन परिच्छेद थांबतील. साखर नॉर्मल आली ती गोळ्या चालू असताना की बंद केल्यानंतर? मी हे विचारतो तेव्हा बहुतेक वेळा 'चालू असताना' असंच उत्तर येतं. तसं असेल तर तो रिपोर्ट गोळ्यांचा गुण सांगतोय. प्रार्थनेबद्दल तो काहीच सांगत नाही, बाजूनेही नाही आणि विरोधातही नाही. तिला तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर बघा आणि एचबीएवनसी करून घ्या. या तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते, आदल्या दिवशी गोड टाळून ती फसवता येत नाही. वजन बरंच उतरलं तर टाइप २ डायबिटीस औषधाशिवायही आटोक्यात राहू शकतो. तसं झालं असेल तर डॉक्टर स्वतःच गोळ्या उतरवतील. इन्शुलिन बंद केलं असेल तर मात्र उद्यावर टाकू नका, आजच जा.

सभेत कोणी 'औषध घेतेस म्हणजे तुझा विश्वास कमी' असं म्हटलं असेल, तर मावशीला सिराकच्या पुस्तकाचा ३८वा अध्याय वाचून दाखवा. वैद्याचा मान राखा, औषधं प्रभूनेच जमिनीतून निर्माण केली, शहाणा माणूस ती नाकारत नाही, असा त्याचा आशय आहे. हे पुस्तक कॅथलिक बायबलात आहे, प्रॉटेस्टंट बायबलात नाही, तेव्हा मावशी कुठल्या चर्चला जाते त्यावर ही मात्रा चालेल की नाही ते ठरेल.

आता समुद्र. व्हिडिओमागे खरं संशोधन आहे. २०१० साली कार्ल ड्रूज आणि वेइछिंग हान यांनी 'प्लॉस वन' या नियतकालिकात ते प्रसिद्ध केलं. नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पूर्व भागात, जुन्या नदीचा फाटा तळ्याला मिळतो अशा ठिकाणी, सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी साधारण १०० किलोमीटर वेगाचा पूर्वेचा वारा रात्रभर वाहिला तर काय होईल हे त्यांनी गणिताने काढलं. सुमारे दोन मीटर खोल पाणी मागे रेटलं जातं आणि तीन-चार किलोमीटर लांबीची चिखलवाट चार तास उघडी राहते. वारा पाण्याला असा ढकलतो ही गोष्ट नवी नाही, मोठ्या उथळ सरोवरांवर ती मोजलेली आहे. आणि बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या १४व्या अध्यायातच लिहिलंय की परमेश्वराने रात्रभर पूर्वेचा जोराचा वारा वाहवून समुद्र हटवला. वारा संशोधकांनी बाहेरून आणला नाही, तो मुळातच आहे.

पण यातून सिद्ध काय झालं? तिथे तसं तळं असेल आणि तसा वारा सुटला, तर पाणी सरकू शकतं. एवढंच. जागा वर्णनाशी जुळेल अशी शोधून घेतलेली आहे. त्या रात्री तिथे कोणी होतं का, हे संगणकाला ठाऊक नाही. इस्राएली लोकांच्या इतक्या मोठ्या प्रस्थानाबद्दल इजिप्तची कागदपत्रं गप्प आहेत, आणि त्याचा अर्थ काय लावायचा यावर पुरातत्त्ववाल्यांत मतभेद आहेत. शिवाय ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात पोरंबाळं आणि शेरडंमेंढरं घेऊन चिखलातून चालायचं म्हणजे काय, ते चक्रीवादळात पालघरच्या किनाऱ्यावर उभं राहिलेल्या माणसाला विचारा.

मला याहून मोठी अडचण वेगळी वाटते. पाणी वाऱ्याने हटलं असं एकदा मान्य केलं की चमत्कार पाण्यात उरत नाही, तो वेळेत जातो. वारा नेमका त्याच रात्री का सुटला, आणि पाठलाग करणाऱ्या फारोचे, म्हणजे इजिप्तच्या राजाचे, रथ मधोमध असताना का पडला? यार्देन नदीचंही असंच आहे. यहोशवाच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात, यहोशवा इस्राएली लोकांना नदीपार नेतो तेव्हा आदाम गावापाशी पाणी थोपल्याचं वर्णन आहे. त्याच परिसरात, आजच्या दामियाजवळ, १२६७ साली दरड कोसळून नदी काही तास अडल्याची नोंद एका अरब इतिहासकाराने केली आहे. इजिप्तचा सुलतान बैबर्स याच्या कारागिरांनी तेवढ्यात तिथल्या पुलाचं काम उरकून घेतलं. म्हणजे यार्देन अडू शकते. पण १२६७ ची घटना आज कोणी चमत्कार म्हणून सांगत नाही, यहोशवाच्या वेळची सांगतात. भूगर्भशास्त्राच्या लेखी दोन्ही घटना एकाच जातीच्या. फरक बघणाऱ्यांनी त्या घटनेत काय वाचलं याचा आहे, आणि वाऱ्याचा वेग मोजून तो फरक हाती लागणार नाही.

'नासाच्या संगणकाला यहोशवाचा हरवलेला दिवस सापडला' हा फॉरवर्ड तुमच्या ग्रुपवरही आला असेल (यहोशवाच्या लढाईत सूर्य थांबला, असं बायबलात आहे, त्यावरून). तो खोटा आहे. तुम्ही इंजिनिअरिंगला आहात म्हणून सांगतो, तो तर्कानेही शक्य नाही: ग्रहांची गणितं मागे मागे नेताना एखादा दिवस कमी पडला हे कळायला त्या दिवसाच्या आधीची, कोणीतरी स्वतंत्रपणे टिपलेली पक्की वेळ हाताशी हवी. ती नसेल तर हरवलं काय आणि सापडलं काय. ग्रुपमध्ये हे लिहिलंत तर दोन काकू रागावतील, पण लिहा.

आता तुमचा मित्र. 'नियम मोडत नाहीत' हे विज्ञानाने शोधून काढलेलं नाही. विज्ञान ते धरून चालतं, आणि त्याने तसंच चालायला हवं. लॅबमध्ये विचित्र निकाल आला तर मी आधी लेबल बदललंय का ते बघतो. तिथे देवदूत लिहायला लागलो तर दुसऱ्या दिवशी माझ्या रिपोर्टवर कोणी ऑपरेशन करणार नाही, आणि करूही नये. पण काम करण्याची शिस्त वेगळी आणि विश्वात काय काय घडू शकतं याची यादी वेगळी.

मित्राकडे याहून धारदार हत्यार आहे, ते त्याने वापरलेलं नाही, म्हणून मीच देतो. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ साली मांडलेला मुद्दा साक्षीचा आहे. चमत्कार खरोखर घडला हे जास्त संभाव्य, की सांगणारा चुकला हे? पॅथॉलॉजीत आम्ही हाच हिशेब रोज करतो. समजा, एक आजार लाखात एकाला होतो आणि टेस्ट शंभरात एकदा उगाचच पॉझिटिव्ह येते. लाख लोक तपासले तर खरा रुग्ण एक, आणि खोटे पॉझिटिव्ह जवळपास हजार. म्हणून एका पॉझिटिव्ह रिपोर्टवर मी कोणाला काही सांगत नाही.

मात्र हाच हिशेब पुढे नेला की ह्यूमची बाजूही सैल पडते. दुसरी, पहिलीशी संबंध नसलेली टेस्ट तितकीच चांगली असेल आणि तीही पॉझिटिव्ह आली, तर हजारास एक हे प्रमाण दहास एकवर येतं. तिसरीही आली की पारडं उलटतं. या गणिताला ज्याचं नाव आहे तो थॉमस बेझ स्वतः पाद्री होता. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली ज्याने पुढे आणला तो रिचर्ड प्राइसही पाद्रीच, आणि त्याने हे गणित ह्यूमला उत्तर म्हणून वापरलं. पुढे १८३७ मध्ये चार्ल्स बॅबेजने, हो, गणकयंत्रवाल्या बॅबेजनेच, किती स्वतंत्र साक्षीदार असले तर चमत्कारावरची शंका हरते याची आकडेमोड मांडली. सगळी मेख 'स्वतंत्र' या अटीत आहे. एकाच नमुन्यावर, एकाच बिघडलेल्या मशीनवर तीन टेस्ट केल्या तर ती एकच टेस्ट. आणि इथे आपल्या बाजूची अडचण लपवू नये: मत्तय आणि लूक यांनी मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे त्याने लिहिलेली येशूची कथा, समोर ठेवून लिहिलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. तीन पुस्तकांत एकच गोष्ट आली म्हणजे तीन साक्षी झाल्या, असं म्हणता येत नाही.

काही चमत्कारांना तर निसर्गाची कुठलीच वाट सापडत नाही, आणि ती शोधूही नये. काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, तिथे दगडाचे सहा रांजण होते, प्रत्येकात दोन-तीन माप पाणी. माप साधारण ३९ लिटरचं धरलं तर सगळे मिळून ४७० ते ७०० लिटर होतं. मध्ये ५०० लिटर धरू आणि द्राक्षारसात आजच्यासारखं १२ टक्के अल्कोहोल धरू. नुसत्या अल्कोहोलमध्ये सुमारे २५ किलो कार्बन लागतो. पाण्यात कार्बन नसतो. म्हणजे २५ किलो कार्बन कुठूनतरी यायला हवा. 'रांजणांच्या तळाशी जुना द्राक्षारस असेल' वगैरे वाचलं की मला विश्वास न ठेवणाऱ्याचं 'असं घडलंच नाही' हे उत्तर जास्त प्रामाणिक वाटतं. विश्वास ठेवायचा असेल तर २५ किलोसकट ठेवायचा.

आजार बरे होण्याचे चमत्कार हा माझा प्रांत, इथे जरा थांबतो. लोक दोन रिपोर्ट घेऊन येतात. आधीचा 'कॅन्सर', नंतरचा 'काही नाही', आणि मध्ये नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), किंवा मंतरलेलं तेल, किंवा सभा. मी दुसरा रिपोर्ट बाजूला ठेवतो आणि पहिला हातात घेतो, कारण घोळ बहुतेक वेळा पहिल्यात असतो. कॅन्सर हे ठरवलं कोणी? सोनोग्राफीत नुसती शंका लिहिली होती की बायोप्सी झाली होती? झाली असेल तर स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणा, मला परत बघायचंय. आपल्याकडे टीबी हा मोठा बहुरूपी आहे. फुफ्फुसात, पोटात, मानेत अशा गाठी करतो की स्कॅन बघणारा कॅन्सरच म्हणेल. कॅन्सर शोधायच्या पेट (PET) स्कॅनवरसुद्धा तो चमकतो. स्लाइडवर ग्रॅन्युलोमा, म्हणजे टीबीत होतो तसा पेशींचा पुंजका, दिसतो, टीबीची औषधं सुरू होतात, काही महिन्यांत गाठ विरते, आणि घरच्यांच्या लक्षात राहतं ते पहिल्या दिवशी ऐकलेलं 'कॅन्सर'.

मदर तेरेसांना २००३ साली धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करताना ज्या घटनेचा आधार घेतला ती याच वळणाची. पश्चिम बंगालमधल्या एका महिलेच्या पोटातली गाठ १९९८ मध्ये मदरच्या पहिल्या स्मृतिदिनी नाहीशी झाली, हे चर्चने मान्य केलं. तिच्यावर उपचार केलेल्या बालूरघाटच्या डॉक्टरांचं म्हणणं असं की गाठ टीबीची होती आणि औषधांनी गेली. मदरच्या संतपदाबद्दल मला शंका नाही, पण या घटनेबाबत जे प्रसिद्ध झालंय त्यावरून मला डॉक्टरांचं पटतं.

निदान पक्कं असूनही कॅन्सर आपोआप मागे हटल्याची उदाहरणं आहेत, हेही सांगायला हवं. एव्हरसन आणि कोल या सर्जननी १९६६ साली अशी १७६ प्रकरणं एकत्र छापली. मूत्रपिंडाचा कॅन्सर, मेलॅनोमा, लहान मुलांमधला न्यूरोब्लास्टोमा यांत हे जास्त दिसतं, आणि प्रतिकारशक्तीचा त्यात हात असावा असा अंदाज आहे. हे भाविकांनाही होतं आणि न मानणाऱ्यांनाही.

म्हणून मला लूर्दची पद्धत आवडते. फ्रान्समधल्या या तीर्थस्थानी १८८३ पासून वैद्यकीय दप्तर आहे आणि तिथल्या तपासणीत कुठल्याही धर्माचा किंवा कुठलाच धर्म न मानणारा डॉक्टर भाग घेऊ शकतो. अटी अठराव्या शतकात कार्डिनल लांबेर्तीनींनी घातल्या, तेच पुढे पोप चौदावे बेनेडिक्ट झाले: आजार गंभीर हवा, आपोआप ओसरायच्या टप्प्यावर नसावा, गुण देईल असं औषध चालू नसावं, बरं होणं अचानक आणि पूर्ण हवं, आणि ते टिकायला हवं. बरं झाल्याच्या सात हजारांहून जास्त नोंदी तिथे झाल्या. चर्चने चमत्कार मानले ते सत्तरच्या थोडे वर. शेकड्याला एक. माझ्या माहितीतल्या कुठल्याही सभेपेक्षा ही चाळणी कडक आहे.

त्याहून महत्त्वाची तिथली कामाची वाटणी. डॉक्टरांची समिती फक्त 'आजच्या वैद्यकीय ज्ञानाने याचं कारण सांगता येत नाही' एवढं म्हणते. चमत्कार हा शब्द डॉक्टर उच्चारत नाहीत. तो बिशप उच्चारतात, आणि त्यासाठी ते प्रार्थना, त्या माणसाचं आयुष्य, घटनेचा धार्मिक संदर्भ असं सगळं बघतात. तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे. विज्ञान फार तर 'कारण सापडलं नाही' इथपर्यंत येईल. तिथून 'हे देवाने केलं' इथपर्यंतचं अंतर विज्ञानाने कापून द्यावं, असं व्हिडिओवाल्यांना वाटतं. ते अंतरच नाही असं तुमच्या मित्राला वाटतं. मला दोघांचंही पटत नाही.

प्रार्थनेची चाचणी घेऊन हे अंतर मोजायचा प्रयत्नही झालाय. २००६ साली अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी सहा रुग्णालयांतल्या बायपास झालेल्या १८०२ रुग्णांवर अभ्यास केला. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यांच्यात ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली, ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांच्यात ५१ टक्क्यांना. आपल्यासाठी नक्की प्रार्थना चालू आहे हे ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात ५९ टक्क्यांना. 'माझ्यासाठी प्रार्थना मागवली म्हणजे मी इतका आजारी आहे का' ही धास्ती असेल कदाचित. भाविक म्हणून मला या निकालाचं दुःख नाही. देव यादीनुसार डोस देतो असं बायबल कुठे म्हणत नाही. पण 'प्रार्थनेने ऑपरेशन यशस्वी होतं हे विज्ञानाने सिद्ध केलंय' असं कोणी म्हटलं तर हे आकडे पुढे करा.

समोर घडणारी गोष्ट तपासता येते आणि तपासायलाच हवी. २०१२ साली मुंबईत इर्ल्याच्या चर्चमधल्या क्रुसावरून पाणी ठिबकू लागलं तेव्हा बुद्धिप्रामाण्यवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी तुंबलेल्या सांडपाण्याकडे बोट दाखवलं. केशाकर्षणाने ओल भिंतीतून वर चढत होती. आपल्याच लोकांनी त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी केल्या आणि त्यांना देश सोडून फिनलंडला जावं लागलं. खरं म्हणजे प्लंबर बोलावून त्यांचे आभार मानायला हवे होते. लोक ते पाणी पीत होते.

बायबलमधल्या रुग्णांची मात्र स्लाइड माझ्याकडे नाही, आणि येणारही नाही. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या १३-१४ अध्यायांतला कुष्ठरोग कपड्यांना आणि घराच्या भिंतींनाही होतो, म्हणजे त्यात बुरशीपासून सोरायसिसपर्यंत बरंच काही आलं असणार. तेव्हा जुन्या करारातल्या नामान सेनापतीला किंवा येशूने बरं केलेल्या दहा कुष्ठरोग्यांना नेमकं काय झालं होतं, हे मी सांगू शकत नाही. एका ठिकाणी मात्र मी दर वेळी थबकतो. मार्कच्या आठव्या अध्यायात बेथसैदाचा आंधळा एका फटक्यात बरा होत नाही. येशूने हात ठेवल्यावर तो म्हणतो, माणसं दिसतात, पण ती चालत्या झाडांसारखी. मेंदूशास्त्रज्ञ पवन सिन्हांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'ने भारतात जन्मांध मुलांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया केल्या तेव्हा काहीसं असंच आढळलं: डोळे उघडले तरी हाताला ओळखीची वस्तू नजरेला लगेच ओळखू येत नाही, ते मेंदूला शिकावं लागतं. त्यांचा हा अभ्यास २०११ चा. मार्कला मेंदूविज्ञान ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. यावरून चमत्कार सिद्ध होत नाही, पण गोष्ट रचणाऱ्याने असं अर्धवट बरं होणं कशाला घातलं असतं, हा प्रश्न मला छळतो.

राहिलं पुनरुत्थान, म्हणजे क्रुसावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशी जिवंत उठला हा दावा. येशू क्रुसावर नुसता बेशुद्ध पडला होता आणि थडग्यातल्या गारव्याने शुद्धीवर आला, असं 'वैज्ञानिक' स्पष्टीकरण अधूनमधून कोणीतरी पुढे करतं. चाबकाचे फटके, रक्तस्राव, क्रुसावर टांगल्याने कोंडलेला श्वास आणि वर भाल्याची जखम. माझ्या टेबलावर या केसबद्दल मृत्यूविषयी वाद झाला नसता. आणि असा माणूस तिसऱ्या दिवशी कसाबसा उठून चालला असता, तरी त्याला बघून कोणी 'मृत्यूवर विजय' म्हटलं नसतं, वैद्य बोलावला असता. इथे वारा नाही, दरड नाही, टीबीही नाही. सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याने इसवी सन ५५ च्या सुमारास करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना सरळ लिहिलं की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट आहे, आणि त्याच्या थोडं आधीच ज्यांना तो दिसला त्यांची यादी दिली, त्यातले बरेचजण अजून हयात आहेत असंही सांगितलं. तो साक्षीदार पुढे करतोय, यंत्रणा समजावत बसत नाही. त्या साक्षी तुम्हाला किती वजनाच्या वाटतात हे इतिहासाचं काम आहे, आणि देव असू शकतो का याबद्दल तुम्ही आधीच काय धरून चालता यावर ते बरंच अवलंबून आहे. माझ्यासाठी पारडं पौलाच्या बाजूला झुकतं. तुमच्या मित्रासाठी झुकत नसेल, तर त्याच्या गणितात चूक आहे असं मी म्हणणार नाही. त्याने सुरुवातीचा आकडा वेगळा धरलाय.